डिकीतली हवा

एक साधा प्रश्न. गाडीसाठी वूफर घ्यायला दुकानात गेलात, तर तुम्ही नक्की काय विकत घेता? बहुतेक जण सांगतील, बारा इंची स्पीकर आणि अमुक वॅटचा अ‍ॅम्प. आणि खोकं? ते काय, दुकानदार देतोच की सोबत, काळं कार्पेट चिकटवलेलं...

गोंधळ इथेच होतो. बेसच्या बाबतीत खोकं म्हणजे स्पीकर ठेवायचं कपाट नव्हे. खोक्यातली हवा हा स्पीकरचाच एक पार्ट आहे, स्प्रिंगसारखा. त्या स्प्रिंगचा ताठपणा ठरतो किती लिटर हवा आहे यावर, आणि गाडीच्या डिकीत सगळ्यात महाग वस्तू कुठली असेल तर ती म्हणजे मोकळी हवा. बॅगा, स्टेपनी, आणि आपल्याकडे तर सीएनजीचं सिलिंडर. सगळ्यांना तीच जागा हवी असते.

म्हणून काही वेडे लोक (आदराने म्हणतोय) डिकीच्या कोपऱ्यात, चाकाच्या कमानीमागे जो वेडावाकडा खड्डा असतो त्यात फिट्ट बसणारं फायबरचं खोकं बनवतात. पाहणाऱ्याला वाटतं, नुसती हवा करायला बनवलंय. काही अंशी ते खरंही असतं! पण त्या ओबडधोबड आकारामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात १९२५ सालापासून करू. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, भोंग्याशिवाय चालणारा लाउडस्पीकर. कागदाचा शंकू, त्याच्या बुडाशी तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र. आज तुमच्या टीव्हीत, मोबाइलमध्ये, गाडीच्या दारात जो स्पीकर आहे, तो मुळात हाच. शंभर वर्षांत पायाभूत रचना न बदललेली इलेक्ट्रिकल वस्तू तशी विरळाच.

पण या शंकूची एक खोड होती. तो पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून अधिक एक, मागून उणे एक. उंच स्वरांच्या लहरी आखूड असतात, त्यांचं एकमेकींशी फारसं बिनसत नाही. खर्जाच्या लहरी मात्र कित्येक फूट लांब. त्या शंकूला वळसा घालून मागून पुढे येतात आणि बेरीज शून्याच्या जवळ. जुना सुटा स्पीकर घरात पडला असेल तर करून बघा. हातात धरून वाजवला की चिरका आवाज येतो. मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर टेकवला की अचानक त्याला छाती फुटते. राइस आणि केलॉग यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी स्पीकर फळीवर बसवला. स्पीकरच्या खोक्याचा जन्म असा झाला: मागचा आवाज पुढे येऊ नये म्हणून घातलेली भिंत.

पुढची हुशारी १९३० ची. बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरास यांनी पेटंट मागितलं ते उलट कल्पनेचं. मागचा आवाज कोंडून वाया का घालवायचा? खोक्याला मोजून-मापून एक भोक ठेवा, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा घूं आवाज येतो तसा तो खर्ज त्या भोकातून बाहेर येऊ द्या. १९३२ साली पेटंट मिळालं. आजही भोक असलेली खोकी याच तत्त्वावर चालतात. फक्त ‘मोजून-मापून’ म्हणजे किती, हे पुढची तीस वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. अंदाजपंचे काम.

त्याच १९३० मध्ये पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी गाडीतला रेडिओ बाजारात आणला, नाव मोटोरोला. गाडीत गाणं वाजतं याचंच अप्रूप इतकं की बेसचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. पुढेही कित्येक वर्षं गाडीतला स्पीकर डॅशबोर्डमध्ये, दारात, नाहीतर मागच्या काचेखालच्या ट्रेवर राहिला. आपल्याकडे त्या ट्रेवरचे अंडाकृती ‘सहा बाय नऊ’ आठवत असतील. तिथे नकळत अख्खी डिकीच खोकं व्हायची. गळकं, खडखडणारं, पण खोकं!

आता या कथेतला मुख्य माणूस, एडगर व्हिलचूर. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवणारा. त्याच्या काळात चांगला बेस हवा तर फ्रिजएवढं खोकं लागायचं. व्हिलचूरच्या लक्षात आलं की खरी गडबड स्पीकरच्या कडेला असलेल्या लवचीक पट्टीत आणि आतल्या आधारात आहे. शंकू जास्त हलला की ते असमान ताणले जातात आणि आवाज फाटतो. मग त्याने ठरवलं, हा आधार मुद्दाम ढिला करायचा, इतका ढिला की स्पीकर नुसता हातात धरला तर निरुपयोगी वाटावा. आणि तो छोट्या, हवाबंद खोक्यात बसवायचा. शंकूला परत जागेवर आणायचं काम आतली कोंडलेली हवा करेल. हवेची स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी प्रामाणिक असते. पहिल्या नमुन्याची ती लवचीक कड त्याची बायको रोझमेरी हिने गादीच्या खोळीच्या कापडातून शिवली होती. म्हणजे आधुनिक बेसचा पहिला तुकडा शिवणकामातून आला! (पुढे फायबरच्या कामातही कापड येणार आहे.)

प्रस्थापित कंपन्यांनी ही कल्पना नाकारली. व्हिलचूरच्या वर्गात हेन्री क्लॉस नावाचा एक विद्यार्थी होता, त्याची मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला छोटी कार्यशाळा होती. दोघांनी मिळून १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. पुस्तकांच्या शेल्फवर मावणारं खोकं आणि खर्ज मात्र कपाटाएवढ्या स्पीकरचा. पेटंट १९५६ ला मिळालं, पण ते पुढे कोर्टात टिकलं नाही, कारण आरसीएच्या हॅरी ऑल्सनच्या नावावर याच धर्तीचं १९४९ चं पेटंट आधीच होतं. व्हिलचूर फार कुरकुरला नाही. पुढे तो श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळला आणि तिथलं महत्त्वाचं काम त्याने पेटंट न घेता सर्वांसाठी खुलं ठेवलं. ओपन सोर्सवाल्यांनी याचा एक फोटो लावायला हरकत नाही.

१९५७ मध्ये क्लॉस बाहेर पडला आणि केएलएच ही नवी कंपनी निघाली: क्लॉस, लो आणि हॉफमन. यातला जे. अँटन हॉफमन आपल्या कामाचा. स्पीकरच्या धंद्यात ज्याला ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणतात, तो याचा. नियम सोपा आहे. तुम्हाला तीन गोष्टी हव्या असतात: खोल खर्ज, छोटं खोकं, आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज. तीनपैकी दोन घ्या, तिसरी विसरा. प्रोजेक्ट मॅनेजर लोक ‘लवकर, स्वस्त, चांगलं’ असं जे सांगतात, त्याचा हा सख्खा भाऊ. फरक एवढाच की इथे वाटाघाटी चालत नाहीत, समोर भौतिकशास्त्र बसलंय.

आकड्यांत सांगायचं तर, खर्ज एक सप्तक खाली नेला, म्हणजे ६० हर्ट्झवरून ३० वर, आणि बाकी काही सोडायचं नाही म्हटलं, तर खोकं आठपट लागतं. दुप्पट नाही, आठपट! उलट खर्ज तोच ठेवून खोकं निम्मं केलं तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट ओतावे लागतात.

गंमत म्हणजे या हॉफमनचे वडील जोसेफ हॉफमन हे जगप्रसिद्ध पियानोवादक, आणि त्यांच्या नावावर गाड्यांच्या शॉकअॅब्सॉर्बरसकट अनेक पेटंटं होती. बापाने गाडीतला हादरा कमी करण्यावर डोकं चालवलं, आणि पोराचा नियम आज वापरतात तो गाडी हादरवणारे लोक.

नियम कळला तरी मोजायचं कसं हे उरलंच होतं. ते काम झालं ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील या अभियंत्याने १९६१ साली एक निबंध तिथल्याच एका नियतकालिकात छापला. तो १९७१ मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये पुन्हा छापला गेला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉलने १९७२-७३ मध्ये तो धागा पूर्ण केला. तेव्हापासून कुठल्याही बऱ्या स्पीकरच्या कागदावर ‘थील-स्मॉल’चे आकडे असतात. त्यातला माझा आवडता म्हणजे व्हीएएस. अर्थ असा, की हा स्पीकर किती लिटर हवेइतका मऊ आहे. काय सुंदर एकक आहे बघा, मऊपणा लिटरमध्ये! हे आकडे सूत्रात घातले की खोकं किती लिटरचं हवं ते बाहेर पडतं. अंदाजपंचे संपलं. (हाच स्मॉल नंतर एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांच्या ऑडिओ विभागात कामाला लागला. योगायोग नसावा.)

आता गाडीत या. गाडीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक वाईट आणि एक चांगली.

वाईट म्हणजे बॅटरी. बारा-चौदा व्होल्टमधून चार ओहमच्या स्पीकरला कितीही खटपट केली तरी वीस-बावीस वॅटच्या आसपासच मिळतात. स्टिरिओच्या तोंडावर ‘५० वॅट बाय ४’ छापलेलं असतं ते मनावर घेऊ नका. म्हणजे हॉफमनच्या नियमाप्रमाणे वॅट सोडायची सोयच नव्हती, त्यामुळे छोटं खोकंही शक्य नव्हतं. सत्तरच्या दशकात जिम फॉसगेटसारख्या लोकांनी गाडीत बसणारे ताकदवान अ‍ॅम्प करायला घेतले. अशा अ‍ॅम्पमध्ये आधी बॅटरीचे व्होल्ट वाढवणारं सर्किट असतं. त्यामुळे वॅट शेकड्यात गेले आणि नियमातली एक बाजू मोकळी झाली.

चांगली गोष्ट म्हणजे गाडी स्वतः. बंद काचांची केबिन खर्जाच्या लांब लहरींपेक्षा छोटी असते. त्यामुळे साधारण साठेक हर्ट्झच्या खाली केबिनमधला दाब आपोआप वाढत जातो, सप्तकाला जवळपास बारा डेसिबलने. आणि व्हिलचूरचं बंद खोकं त्याच्या मर्यादेखाली किती घसरतं? सप्तकाला बारा डेसिबल! एक चढतं, दुसरं उतरतं. प्रत्यक्षात काचा, पत्रा, सीट यांतून काही गळतं, हिशेब इतका गोड जुळत नाही, पण बऱ्यापैकी जुळतो. दिवाणखान्यासाठी शोधलेलं खोकं सगळ्यात चांगलं वाजतं ते मारुतीत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार नाही.

मग उरलं काय? जागा. समजा सूत्राने २८ लिटर सांगितले. १८ मिलिमीटर एमडीएफचं चौकोनी खोकं केलं तर बाहेरून ते ३९ लिटर होतं. अकरा लिटर नुसत्या भिंतींत. शिवाय चौकोनी खोकं डिकीच्या गोलाईला टेकत नाही, मागे-बाजूला फटी राहतात, आणि बॅग ठेवायची सपाट जागा नेमकी तेच खातं. कोपऱ्यातला खड्डा मात्र रिकामाच. तिथे बॅग जात नाही, एमडीएफही जात नाही.

त्या खड्ड्यात जाणारी वस्तू वेगळ्याच गल्लीतून आली. १९३२ साली ओहायोमधल्या ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या विटा वितळलेल्या काचेने जोडायच्या खटपटीत होता. हवेच्या झोताने काच उडाली आणि तिचे बारीक तंतू झाले. गेम्स स्लेटर या संशोधकाने त्यातून उद्योग उभा केला, आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी झाली. नुसते तंतू म्हणजे कापूस. त्यात पॉलिएस्टर रेझिन मुरलं आणि आकार धरणारा, हलका, न गंजणारा पदार्थ मिळाला. १९४२ मध्ये ओहायोतल्याच रे ग्रीनने त्याची छोटी होडी केली. १९५३ मध्ये शेवरोले कॉर्व्हेट आली, पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळी बॉडी फायबरग्लासची.

पण मला यात कॉर्व्हेटपेक्षा एड रॉथ जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियातला हा हरहुन्नरी माणूस. त्याने प्लास्टरचा ढीग हाताने कोरून त्यावर फायबर चढवायचं आणि मग प्लास्टर फोडून काढायचं, अशा पद्धतीने गाड्यांच्या बॉड्या घरच्या घरी केल्या. १९५९ ची त्याची ‘आउटलॉ’ प्रसिद्ध आहे. पत्र्याला प्रेस लागतो, डाय लागते, भांडवल लागतं. फायबरला लागतो एक ब्रश, एक बादली आणि चिकाटी. आकार देण्याची मक्तेदारी कारखान्याकडून गॅरेजकडे आली ती इथे.

ही दोन्ही घराणी ऐंशीच्या दशकात एकत्र आली, आणि लग्न जमवलं संगीताने. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं, १९८३ मध्ये बंदही झालं. खरा ड्रमर हवा असलेल्यांना ते खोटं वाटलं. पण सेकंडहँड बाजारात ते स्वस्त झालं आणि हिप-हॉपवाल्यांच्या हाती लागलं. त्याचा लांबत जाणारा खर्जातला ठोका दारातल्या स्पीकरला झेपतच नाही. मायामीत तर त्या ठोक्यावरच एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. गाडीत तो वाजवणं ही तरुणांची गरज झाली, मग स्पर्धा आल्या, आवाजाच्या आणि देखणेपणाच्याही. फ्लोरिडाच्या जेएल ऑडिओसारख्या कंपन्या तर गाडीच्या मॉडेलप्रमाणे फायबरची तयार खोकी विकू लागल्या.

करतात कसं? कोपऱ्यावर मास्किंग टेपचे थर चिकटवायचे, की रेझिन पत्र्याला धरू नये. त्यावर काचेच्या मॅटचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थापायचे, तीन-चार थर. वाळलं की हे कवच उपसून काढायचं. आता हातात डिकीच्या कोपऱ्याचा हुबेहूब ठसा. पुढच्या बाजूला एमडीएफची रिंग लाकडी दांड्यांवर हव्या त्या कोनात उभी करायची आणि रिंगपासून कवचाच्या कडेपर्यंत फ्लीसचं कापड ताणून बसवायचं. तंबूच तो. कापड रेझिनने माखलं की कडक होतं, आणि दोन बिंदूंमध्ये कापड जो नैसर्गिक बाक घेतं तोच आकार कायम होतो. आतून आणखी मॅट, बाहेरून लांबी, आणि मग पॉलिश पेपर, पॉलिश पेपर, पॉलिश पेपर... लिटर मोजायला आत थर्मोकोलचे मणी भरायचे आणि मापाच्या बादलीत ओतून पाहायचे. वेड्यावाकड्या आकाराचं इंटिग्रेशन बादलीने!

तो बाक नुसता दिसायला नसतो. हिशेब करून पाहिला. बारा इंची शंकूचं क्षेत्रफळ धरा ४८० चौरस सेंटिमीटर, हालचाल एक सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक ठोक्याला साधारण अर्धा लिटर हवा आत दाबली जाते. २८ लिटरच्या खोक्यात त्याने दाब सुमारे २.४ टक्के वाढतो. ऐकायला किरकोळ. पण एक फूट बाय एक फूट भिंतीवर तो जोर होतो तेवीस किलोंचा, सेकंदाला चाळीस वेळा ढकलणं आणि तितक्याच वेळा ओढणं. सपाट पातळ भिंत अशाने पत्र्याच्या डब्यासारखी फुगते-दबते आणि स्वतःच वाजायला लागते. अंड्यासारखी बाकदार भिंत तोच जोर कडेकडेने वाटून घेते. सहा मिलिमीटर फायबर जे काम करतं त्याला सपाट एमडीएफ अठरा लागतं, ते याच्यामुळे. जिथे फायबर सपाट ठेवलं जातं, तिथे हा फायदा शून्य. रिंगच्या आसपास थर कमी पडले की खोकं कितीही चकाचक दिसो, भणभणतं.

आपल्याकडे हे काम करणारे हात कधीपासूनच आहेत. कोकणातल्या मासेमारी होड्या, गच्चीवरच्या टाक्या, दुकानांतले पुतळे, सगळं हाताने थापलेलं फायबर. माझ्या ऑफिसमधल्या एकाने खोकं करून घेतलं ते अशाच एका टाक्या-पुतळेवाल्याकडून. त्या कारागिराला थील-स्मॉल माहीत असायचं कारण नव्हतं, आणि ऑफिसवाल्याला मॅट थापता येत नव्हती. लिटर याचे, हात त्याचे.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी, कारण घरी करून पाहणारे असतातच. आपल्या दुकानांत रेझिनसोबत बऱ्याचदा दोन बाटल्या मिळतात, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा स्वच्छ हार्डनर. या दोन्ही एकमेकींत थेट कधीही ओतायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर, तोही एक-दोन टक्केच. जास्त पडला तर रेझिन तापून तडकतं. डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा. वासासाठी योग्य फिल्टरचा मास्क, आणि जागा उघडी. बाल्कनीत हे करू नका, सोसायटीचा सेक्रेटरी वर येईल तो भाग वेगळाच.

आता हा कोपराही आक्रसत चाललाय. कारखान्यातूनच वूफर स्टेपनीच्या पोकळीत बसून येतात. दुसरीकडे सीएनजीचं साठ लिटरचं सिलिंडर डिकीत आडवं पडलं की बाकी सगळी चर्चा बंद. २०२३ मध्ये टाटाने अल्ट्रोझमध्ये त्या एका सिलिंडरऐवजी तीस-तीस लिटरची दोन डिकीच्या तळाखाली घातली आणि वरची जागा बॅगांना परत दिली. ऑफिसवाल्या मित्राने शोरूममध्ये ती डिकी उघडून आधी डावा कोपरा चाचपला, मग उजवा. सेल्समनला वाटलं, गिऱ्हाईक गंज शोधतंय.